देव मानता का? मानत असाल तर कशामुळे, नसाल तर कशामुळे?

धागाकर्ती, पुणे, बँकेत नोकरी

देव आहे की नाही, हा वाद या धाग्यावर घालायचा नाही. तो आपल्याकडे भरपूर झाला आहे आणि मोठ्या माणसांनी घातला आहे. जोतीराव फुल्यांनी मूर्ती नाकारली, मधला भट नाकारला, पण निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, मानला. डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर एकाच व्यासपीठावरून गावोगावी बोलले, तरी त्या दोघांचंही पूर्ण एकमत नव्हतं. लागू म्हणत, देव ही कल्पनाच आता निवृत्त करा. दाभोलकरांच्या समितीची भूमिका अशी की देव मानायचा तर माना, तो हक्क संविधानाने दिला आहे. देवाच्या नावावर चालणाऱ्या फसवणुकीला आणि शोषणाला मात्र आमचा विरोध राहील. हे सगळं छापलेलं आहे, हवं तेव्हा वाचता येतं.

वाचायला मिळत नाही ते साध्या माणसाचं स्वतःचं कारण. चारचौघांत विचारलं की मानणारा आणि न मानणारा दोघंही ऐकलेली उत्तरं देतात. मला तुमचं कारण हवं आहे. नाव नको. गाव लिहा, काम लिहा, आणि जे झालं ते लिहा. दुसऱ्याच्या अनुभवावर प्रश्न विचारायला हरकत नाही, तो खोडून काढू नका.

सुरुवात माझ्यापासून. मी देव मानत नाही. आमच्याकडे वडील रोज पूजा करत, आणि देव का मानायचा याचं त्यांचं एक आवडतं कारण होतं: माणसाच्या डोळ्यासारखी नाजूक रचना कुणी केल्याशिवाय कशी होईल? कॉलेजात उत्क्रांती शिकताना कळलं की नुसता उजेड-अंधार ओळखणाऱ्या पेशींपासून डोळ्यापर्यंतच्या पायऱ्या आजही वेगवेगळ्या प्राण्यांत बघायला मिळतात. त्या दिवशी वडिलांचं कारण गेलं, आणि माझ्याकडे स्वतःचं असं दुसरं नव्हतंच. मी पूजेला बसणं सोडलं. घरात कुणी रागावलं नाही, कुणी बोलणं टाकलं नाही. माझं लग्न अडलं नाही, नोकरी अडली नाही.

आता मला वाटतं, माझं न मानणं फार स्वस्तात झालं. मला देवळात कधी कुणी अडवलं नव्हतं, त्यामुळे देऊळ सोडतानाही काही मोजावं लागलं नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की मानतो किंवा मानत नाही हे सांगण्याआधी आपण देवळाच्या उंबऱ्याच्या कुठल्या बाजूला उभे होतो, तेही सांगायला हवं. तेवढं लिहाच.

किल्लारीजवळचं गाव, शेती

उंबऱ्याच्या आतलेच आम्ही. गावात आमचा मान होता, गणपती मंडळात घरातले सगळे.

२९ सप्टेंबर १९९३ ला गणपती बुडवले. मी दहावीत होतो. रात्री उशीर झाला म्हणून मी, दादा आणि आणखी काही पोरं घरी न जाता मोकळ्या मंडपातच आडवी झालो. पहाटे चारला जरा कमी असताना भूकंप झाला. आमचं घर जुनं. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडाला त्यावर माती टाकतात. आजोबाच्या काळापासून टाकलेली माती वर साचली होती. ती सगळी खाली आली. आई आणि धाकटी बहीण आत होत्या. वडील शेतात जागलीला गेले होते.

मंडपात झोपलेली आम्ही पोरं वाचलो. मग मदतीला आलेले, पाहुणे, गावातले उरलेले, सगळे एकच सांगायचे: गणपतीनं वाचवलं रे तुम्हाला. दादानं ते मनाला लावून घेतलं. आज नव्या गावठाणात मंडळ तोच चालवतो आणि फार मनापासून चालवतो. माझ्या मात्र ते घशाखाली उतरलं नाही. दहा दिवस नैवेद्य आईनं केला होता. पहाटे उठून, अंघोळ करून, काही न खाता. आम्ही पोरं नुसती ढोल बडवत होतो. वाचवायचंच होतं तर निवड अशी कशी केली? हे मी भटजीला विचारलं, कीर्तनकाराला विचारलं. कुणी म्हणे तिची वेळ भरली होती, कुणी म्हणे देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. हे ऐकून मला देवाचा तिटकारा आला, खोटं कशाला सांगू.

काही वर्षं तसाच रागात गेलो. मग पुनर्वसनाच्या बांधकामावर काम मिळालं. तिथल्या इंजिनियरनं भिंत म्हणजे काय ते दाखवलं. आमच्या भिंतींना आत-बाहेर दोन पाखं, मधे नुसती माती आणि गोटे. दोन्ही पाखं धरून ठेवणारा आरपार लांब दगड नाही, चारी भिंतींना बांधून घेणारा पट्टा नाही. आणि माथ्यावर ते ओझं. जमीन हलली की पाखं फाकणार आणि माळवद बसणार. १९९२ च्या दिवाळीच्या आगंमागं आमच्या भागात धक्के बसत होते, जमिनीतून आवाज यायचे. गावात होम झाला. भिंती तशाच राहिल्या. हे कळलं त्या दिवशी देवावरचा राग गेला, आणि देवही गेला. आता गावात कुणी घर बांधायला काढलं तर मी जाऊन पट्टा टाकला का बघतो, भांडतोसुद्धा.

वडिलांचं सांगायचं राहिलं. ते शेवटपर्यंत पूजा करायचे. मी एकदा तोंडावर विचारलं, एवढं होऊन कसं काय जमतं तुम्हाला? ते म्हणाले, "देव नाही म्हटलं तर माझी बायको-पोर कुणी नेली म्हणून मी कुणाला विचारू? तो आहे म्हणून मी रोज सकाळी त्याला विचारतो." पूजा म्हणजे त्यांचं रोजचं भांडण होतं. मी नास्तिक असलो तरी त्यांचं म्हणणं मला कीर्तनकारापेक्षा खरं वाटलं.

सोलापूर, परिचारिका, अतिदक्षता विभाग

वरचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

माझ्या वॉर्डात सगळे देव येतात. उशीखाली अंगाऱ्याची पुडी, मनगटाला दर्ग्यावरचा धागा, गळ्यात क्रूस. नातेवाईक मोबाइलवर स्तोत्र लावून कानाशी धरतात. ऑपरेशनला नेताना अंगावरचं सगळं काढायचा नियम आहे. ताईत काढायची वेळ आली की पेशंटच्या आईचा चेहरा उतरतो. मी तो तिच्याच हातात देते आणि सांगते, मूठ घट्ट धरून बसा.

मी देव मानते. पण "हा पेशंट वाचव" असं मी कधीच म्हणत नाही, कारण शेजारच्या खाटेसाठीही कुणीतरी बाहेर तेच म्हणत बसलेलं असतं. रात्रपाळीत पहाटे तीन-साडेतीनला डोळे जड होतात, त्याच वेळी इंजेक्शनचे डोस भरायचे असतात. तेव्हा मी म्हणते, माझ्या हातून चूक होऊ देऊ नको. म्हटलं की मी लेबल पुन्हा वाचते. तुम्ही म्हणाल, मग लेबल वाचल्यानं चूक टळली, देवाचं काय काम? असेल तसं. पण मला लेबल पुन्हा वाचायला लावणारं कुणीतरी लागतं आणि इतक्या वर्षांत ते कधी चुकलेलं नाही. एवढ्या माझ्या कामापुरता देव मला पुरतो. त्याने जग चालवलं की नाही, याच्याशी मला घेणं नाही.

मुंबई, भूलतज्ज्ञ

सिस्टर, तुमच्या प्रार्थनेबद्दल मला आदर आहे. फक्त एक माहिती देतो, कारण "प्रार्थनेचा गुण येतो हे विज्ञानानं सिद्ध झालंय" असे निरोप मला घरच्या ग्रुपवर सारखे येतात.

हे खरोखर तपासून झालं आहे. अमेरिकेत सहा रुग्णालयांत बायपासच्या १८०२ रुग्णांवर अभ्यास केला, २००६ साली छापून आला. रुग्णांचे तीन गट होते. पहिल्या दोन गटांना सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही. त्यातल्या एकासाठी ती झाली, दुसऱ्यासाठी झाली नाही. गुंतागुंत होण्याचं प्रमाण दोन्हींत जवळजवळ सारखं, ५२ आणि ५१ टक्के. तिसऱ्या गटाला नक्की प्रार्थना होणार हे सांगून ती केली. त्यांच्यात प्रमाण ५९ टक्के निघालं. कदाचित "माझ्यासाठी प्रार्थना करावी लागतेय म्हणजे प्रकरण गंभीर आहे" या धास्तीनं तसं झालं असेल.

मी मानत नाही, आणि माझं कारण हेच आहे. जिथे मोजता येतं तिथे देव दिसत नाही. तुमची प्रार्थना मात्र मोजमापाच्या कक्षेतली नाही, ती तुम्ही स्वतःसाठी करता. दुहेरी तपासणी ही आमच्या शास्त्रातली सगळ्यात मोलाची सवय आहे. ती तुम्हाला ज्या मार्गाने लागली तो मार्ग मोडावा असं मी कधीच म्हणणार नाही.

नागपूर, माध्यमिक शिक्षक

धागाकर्त्या ताईंनी उंबऱ्याचं विचारलं म्हणून लिहितो आहे. एरवी अशा चर्चेत मी पडत नाही, कारण तिथे नास्तिकपणा म्हणजे पुस्तकं वाचून केलेली निवड असं धरून चालतात.

माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमधली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. गावी परतल्यावर आजोबांनी घरातले देव उचलले आणि नदीत सोडले. आजीला विचारलं नाही. आजी त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलत नव्हती. ती मला हे सांगायची तेव्हा तिच्या आवाजात आजोबांबद्दलची तक्रार असायची, देवांबद्दलची नाही. मी विचारायचो, आजी, तुला देवांचं वाईट नाही वाटलं? ती म्हणायची, "गावातला मारुती आम्ही कायम लांबून पाहिला. काळा की शेंदरी तेही धड दिसायचं नाही. ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याच्यासाठी किती रडू?" पुढे विहारात रात्रीचा वर्ग लागला तिथे ती अक्षरं शिकली. तिनं वाचलेलं पहिलं पुस्तक वंदनेचं.

तेव्हा माझ्या घरात देव नाही याचं कारण विज्ञान नाही. विज्ञान मी नंतर शिकलो, आता शिकवतोही. कारण हे की २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे माणसं उभी राहिली, वर्षानुवर्षं उभी राहिली, मार खाल्ला, आणि दार उघडलं नाही. १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. दाराआड बसलेला देव आहे की नाही, याची चौकशी करत बसायची आम्हाला गरज उरली नाही. आम्ही निघून आलो. हे निघून येणं माझ्या घराण्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि मला तिचा अभिमान आहे.

एकदा सहलीबरोबर पंढरपूरला गेलो होतो. नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. इतका मोठा संत, अभंग आजही गातात, आणि जागा मंदिराबाहेर. ते मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलं होतं. मी आत गेलो नाही. मुलांना समाधीपाशी थांबवून हा इतिहास सांगितला आणि परत फिरलो.

फलटण तालुका, वारकरी (नातीने लिहून घेतलं आहे)

मास्तर, तुमचं लिहिलेलं नातीनं दोनदा वाचून दाखवलं. मी चोखोबांपुढं आधी डोकं टेकतो, मग पायरीला. त्यानं झालेलं मिटत नाही हे मला कळतं. आमच्या माळकऱ्यांतसुद्धा पंगतीला कोण कुठं बसायचं हे पूर्वी ठरलेलं असायचं, मी डोळ्यानं बघितलंय. संतांनी सांगितलं ते आमच्या लोकांनी गायलं, पाळलं नाही.

मी मानतो ते का, ते सांगतो. मी पीत होतो. कारखान्यावर होतो, पगार हातात आला की घरी पोचेपर्यंत निम्मा व्हायचा. बायको पोरं घेऊन माहेरी गेली. चुलत्यानं मला ओढून वारीला नेलं, आळंदीत माळ घातली. माळ घातली की दारू आणि मटण बंद. तोडली तर तोंड दाखवायला जागा नाही. पहिल्या वर्षी अंग थरथरायचं. दिवे घाट चढताना मी खाली बसलो, तर मागच्या दिंडीतल्या अनोळखी माणसानं माझं गाठोडं घेतलं आणि 'चला माउली' म्हणाला. मला कुणी माउली म्हणावं असा मी नव्हतो. तिथनं पुढं नाही प्यालो.

आमच्यात नवस नाही. पांडुरंगाकडं काही मागायचं नाही, नुसतं जायचं. नात म्हणते दारू माणसांनी सोडवली, देवानं नाही. बरोबर आहे तिचं. पण ती एवढी माणसं एका वाटेनं कुणाच्या नावानं चालली होती?

जुन्नर तालुका, महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो

आमच्या शेताच्या बांधावरून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसतात. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या अशा तीस तबकड्या या परिसरात पसरल्या आहेत आणि त्या अब्जावधी वर्षं जुन्या लहरी पकडतात. लहानपणी मला वाटे की माझी देवाबद्दलची शंका त्या बघून आली. तसं नव्हतं. ती उसातून आली.

आमच्याकडे उसात बिबट्या असतो. रात्री पाण्याची बारी असते, वीज रात्रीच येते, म्हणून जावंच लागतं. पाचट सळसळलं की पाय थिजतात. बहुतेक वेळा वारा असतो, घूस असते, कुत्रं असतं. पण ज्यानं दर वेळी "वाराच असेल" म्हटलं, तो एखाद्या रात्री घरी येत नाही. ज्यानं दर वेळी "कुणीतरी आहे" म्हटलं, तो उगीच घाबरतो पण जगतो. आपण सगळे त्या घाबरणाऱ्यांचे वंशज आहोत. जिथे नुसती हालचाल आहे तिथे "करणारा" दिसावा, अशीच आपल्या मनाची जडणघडण आहे. पाऊस आला, कुणी आणला? मूल आजारी पडलं, कुणी केलं? देवकल्पनेच्या मुळाशी असलेलं हे एक कारण आज बरेच अभ्यासक मांडतात, आणि बारी देताना मला ते अंगावर काट्यासकट पटलेलं आहे.

दुसरं एक वर्गात हमखास सांगतो. स्किनर नावाच्या शास्त्रज्ञानं १९४८ साली भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळानं आपोआप दाणे मिळतील अशी सोय केली. कबुतरं काही करोत न करोत, दाणे येणारच. तरी दाणे पडताना जे कबूतर जे करत होतं तेच ते पुन्हापुन्हा करायला लागलं. एक गोल फिरे, एक मान कोपऱ्याकडे झटके. परीक्षेला ठरावीक पेनच नेणारी मुलं हे ऐकून हातातल्या पेनाकडे बघतात.

यातून देव नाही असं सिद्ध होत नाही, हेही मी मुलांना सांगतो. उसात कधीकधी बिबट्या खरंच असतो. पण "मला जाणवतं म्हणून तो आहे" हे कारण मी स्वतःसाठी बाद केलं आहे, आणि दुसरं कुणी दिलेलं नाही.

ठाणे, गृहिणी

माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडला. तो आता मोठा आहे, चाकाच्या खुर्चीत असतो, गाणं ऐकलं की हसतो.

मी भाविक होते. गुरुवार करायचे, पारायणं करायचे. मुलगा झाल्यावर देव माझ्याकडून माणसांनी काढून घेतला. "मागच्या जन्मीचं असतं," असं मला देवळाच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या जिन्यात सांगितलं गेलं. सांगणाऱ्या बायका वाईट नव्हत्या, त्यांना धीरच द्यायचा होता. पण त्याचा अर्थ असा होतो की माझ्या दिवसांच्या बाळानं काहीतरी पाप केलं होतं आणि त्याला शिक्षा झाली. असा हिशेब ठेवणारा कुणी असेल तर त्याच्यापुढे मी हात जोडणार नाही. मी पोथ्या सासूबाईंना दिल्या.

आता मुलाला फिजिओथेरपीला नेते, तिथे इतर आया भेटतात. त्यातल्या निम्म्या मानतात, निम्म्या नाही. मानणाऱ्यांपैकी एक म्हणते, देवानं हा मुलगा मला विश्वासानं सोपवला. तिचा चेहरा खरंच शांत असतो. मला तसं वाटत नाही आणि तिला ते माहीत आहे. आम्ही एकमेकींची मुलं सांभाळतो.

म्हापसा, गोवा

आमच्याकडे शिरगावची लइराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरी माता, या बहिणी मानतात. फेस्ताला चर्चमध्ये आम्ही हिंदू तेल घेऊन रांगेत असतो, कुणाला त्यात नवल वाटत नाही. घरात मोठा निर्णय असला की देवीला कौल लावायचा, म्हणजे मूर्तीला ओली करून चिकटवलेली पाकळी कुठल्या बाजूनं पडते ते बघायचं. माझा भाऊ इंजिनियर आहे. तो म्हणतो, पाकळी ओली किती यावर सगळं आहे. असेल. पण पाकळी पडेपर्यंत भांडणारे दोन्ही चुलते गप्प बसून वाट बघतात, आणि पडली की दोघंही मान्य करतात. कोर्टात इतकं लवकर होत नाही. मी मानते. गावाबाहेर राहिले असते तर मानलं असतं का, कोण जाणे. माझा देव जागेचा आहे.

अश्दोद, इस्रायल, निवृत्त शिक्षिका

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे. कोकणात आमच्या पूर्वजांचा तेलाचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक 'शनवार तेली' म्हणत. बाकी धर्म पुष्कळसा विसरला होता, हा शनिवार तेवढा हातात राहिला होता. मी देव मानते त्याचं मुख्य कारण हेच आहे: ज्यांच्याजवळ ग्रंथ नव्हते, रब्बी नव्हते, त्यांनी हा एक दिवस पिढ्यानुपिढ्या सोडला नाही. एवढं धरून ठेवायला समोर कुणीतरी असलं पाहिजे, असं मला वाटतं.

आजही शुभकार्याला आम्ही एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा करतो. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. माझे यजमान देव मानत नाहीत, स्पष्ट सांगतात. पण मलिद्याला पोहे किती भिजवायचे यावर शेवटचा शब्द त्यांचाच असतो.

धागाकर्ती

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. एक गोष्ट लक्षात येते आहे: न मानण्याची किंमत मोजणारे अजून फार लिहीत नाहीत. नाव कुठेही येणार नाही. लिहा.

चिपळूणजवळचं गाव, सध्या आखातात नोकरी

तुम्ही म्हणालात म्हणून लिहितो. समाजसुधारक हमीद दलवाई आमच्या भागातले, मिरजोळीचे. १९७० साली त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. आमच्या घरात त्यांचं नाव मोठ्यानं घेत नाहीत.

मी मानत नाही. मोठा प्रसंग काही नाही. लहानपणी मदरशात विचारलं की शेजारची काकू, जिच्या हातचं मी रोज खातो, ती जहन्नममध्ये जाणार का? उत्तर मिळालं, हो. त्या काकूनं मला तापात रात्रभर मांडीवर घेतलं होतं. तिथेच काहीतरी तुटलं, ते पुन्हा जुळलं नाही. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगितलं तर माझ्यापेक्षा आई-वडिलांना त्रास होईल, बहिणींच्या सासरी बोललं जाईल. रमजानचे रोजे ठेवतो. वडिलांबरोबर नमाजला उभा राहतो, आणि त्यांच्या शेजारी उभं राहणं मला आवडतं, हेही खरं आहे. इथे हिंदू मित्र नास्तिक असल्याचं सहज बोलून टाकतात तेव्हा मला त्यांचा हेवा वाटतो.

अहिल्यानगर, एमएससी करते

मी मानते, आणि मला याबद्दल चिडून लिहायचं आहे.

आमचं गाव शनिशिंगणापूरपासून जवळ. चौथऱ्यावर बायकांनी जायचं नाही, हे लहानपणापासून ऐकलं. १ एप्रिल २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की जिथे पुरुषांना प्रवेश आहे तिथे बायकांना अडवता येणार नाही, आणि पाडव्याला, ८ एप्रिलला, चौथरा खुला झाला. तेव्हा मी शाळेत होते. गावात चर्चा अशी की आता कोप होणार. काही झालं नाही. मग माझ्या मनात आलं, घरातल्या देव्हाऱ्याचं काय? दर महिन्याला मी चार दिवस बाजूला, हात लावायचा नाही, लोणच्याच्या बरणीलाही नाही.

लोक म्हणतात, एवढा राग आहे तर देव सोडून दे. मी का सोडू? माझा देवाशी वाद नाही, मला लांब ठेवणाऱ्यांशी आहे. नागपूरच्या सरांचं निघून येणं मी मानते, त्यांचं घर बाहेर उभं केलं होतं. मी घरातच वाढले आहे, मला आत राहून भांडायचं आहे. गेल्या वर्षी पाळी असताना मी दिवा लावला आणि आजीला सांगितलं. ती माझ्याशी बोलेना. आई मधे पडली नाही, पण दिवा विझवलाही नाही.

यंदा आमच्याकडे गौरी मी बसवणार आहे. तारखा जुळल्या तर पाळीतच येतील. गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकल, असं मावशीनं सुचवलं आहे. आमच्या ओळखीतल्या कितीतरी मुली घेतात. मी घेणार नाही, हे घरात सांगून टाकलं आहे. ज्यांनी असं केलं आहे त्यांनी घरच्यांशी कसं निभावलं, ते इथे लिहा, मला हवं आहे.